लाइनीच्या पलीकडचं नागपूर: अनोळखी माणसांकडून तुम्ही काय शिकलात?

बर्डीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बँकेत होतो तोवर काउंटरपलीकडून रोज नाना तऱ्हेची माणसं यायची. इतवारीतले धान्याचे आडते, मोमिनपुऱ्यातले कारागीर, जरीपटक्याचे व्यापारी, भिवापूरकडचे मिरचीवाले, कधी चीवर घातलेले भन्तेजी. पासबुक भरता भरता चार शब्द व्हायचे. निवृत्तीनंतर ते सगळं सुटलं. सकाळी फिरायला जातो ते कॉलनीतल्याच मंडळींबरोबर, पेपर तोच, ग्रूपवरचे फॉरवर्ड आपल्याच मताचे. कोणाशी भांडण नाही, कोणाचा दुस्वास नाही. तरी मला आधी ठाऊक नव्हती अशी गोष्ट शेवटची कोणी कधी सांगितली, ते आठवून पाहावं लागतं. कुतूहल माजामुळे मरतं असं आपण समजतो. माझ्या मते ते सोयीमुळे मरतं.

आणि नागपूर या बाबतीत भलतंच सोयीचं गाव आहे. रेल्वे लाइनीच्या अलीकडे धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर. पलीकडे महाल, इतवारी, मोमिनपुरा. उत्तरेला इंदोरा, जरीपटका आणि पुढे कामठी. अलीकडचा माणूस पलीकडे जातो तो लग्नाचा बस्ता आणि सराफा यासाठी. पलीकडचा मात्र रोज इकडे येतो, कामाला.

याच गावातलं एक जुनं उदाहरण मला नेहमी आठवतं. एम्प्रेस मिल. 1 जानेवारी 1877 ला, राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. कापडगिरणी म्हणजे मुंबई, हे तेव्हाचं गणित. यांनी कापूस जिथे पिकतो तिथे गिरणी आणली. इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून, असं सांगतात. पण मला त्याहून रस आहे तो व्यवस्थापकाच्या निवडीत. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतले. सूतकताईचा अनुभव शून्य. जमशेटजींनी गिरणी त्यांच्या हाती दिली, कारण माणसं आणि माल हलवणं त्यांना कळत होतं. पुढे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या सूत कातायच्या जुन्या म्यूल यंत्रांवर विसंबून असताना इथे रिंग स्पिंडल, म्हणजे नव्या पद्धतीच्या चात्या, आणल्या. आधी चालवून पाहिल्या, सूत बरं निघतं आणि उत्पादन वाढतं हे दिसल्यावर वाढवल्या. नवी कल्पना डोक्यावर घेतली नाही, हाकलूनही दिली नाही. आज तिथे मॉल आहे, ते सोडा.

तर प्रश्न असा: तुमच्यासारख्या नसलेल्या माणसाकडून तुम्ही काय शिकलात? आणि मुख्य म्हणजे, विचारलंत कसं? सुविचार नकोत. ते पहाटे सहाला व्हॉट्सअॅपवर येतातच.

काटोलचा_बागाईतदार

विषय बराबर काढला भाऊ. मी उलट्या बाजूनं सांगतो, म्हणजे लोक आमच्याकडून शिकायला येतात तेव्हा काय होते ते.

संत्र्याच्या बागेत दोन जातीचे पाहुणे येतात. एक जात येते, झाडाखाली फोटो काढते, 'खत कोणतं टाकता' म्हणून विचारते आणि मी तोंड उघडेपर्यंत दुसऱ्या झाडाकडे पोचलेली असते. दुसरी जात कमी. एकदा एक पोरगेला कृषी अधिकारी आला. बांधावर बसला, पाणी प्याला आणि म्हणे, "काका, ताण कधी तोडायचा हे तुम्ही कशावरून ठरवता?" बस. मग दुपार कशी गेली समजलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा, घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी बंद करतात. झाड तहानलं की वाढ थांबते, अन्नसाठा होते, मग पाणी दिलं की फुटवा आणि फुलं एकदम येतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसते, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. पुस्तकात दिवस लिहून असतात. माझे वडील दिवस मोजत नव्हते. दुपारी पानं मलूल होणारच, ते पाहायचं नाही म्हणे. सकाळी उजाडताना जाऊन पाहायचं. रात्रभरात पान सावरलं नाही, रंगही उतरला, थोडी पानगळ सुरू झाली, की ताण बसला. त्याच्या पुढं ताणलं तर बारक्या फांद्या वाळतात.

त्या अधिकाऱ्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. आणि त्यानंही दिलं बरं का. आमच्या भागात बुडाला माती चढवून खोडाजवळ पाणी सोडायची पद्धत होती. त्यानं डिंक्याचं, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगाचं, कारण नीट फोड करून सांगितलं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरलेला संत्र्याचा डोळा मातीखाली गेला आणि तिथं ओल राहिली की बुरशीला वाट मोकळी. म्हणून दुहेरी आळं करायचं, आतलं खोडाभोवतीचं कोरडं, पाणी बाहेरच्यात. आणि खोडाला बोर्डो मलम. हेच त्यानं पहिल्या मिनिटाला, गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं असतं न, तर मी 'हाव साहेब, हाव साहेब' करून चहा पाजून वाटेला लावलं असतं.

पुणेरी_पाहुणा

इथल्या मिहान औद्योगिक वसाहतीत बदली होऊन आलोय, त्यामुळे या धाग्यावर मी स्वतःच अनोळखी प्राणी. वरचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

माझी अडचण वेगळी आहे. विचारायची इच्छा असते, पण भोचकपणा कुठे सुरू होतो ते कळत नाही. आमच्याकडे अनोळखी माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे पत्ता विचारणं, आणि त्यालाही नीट उत्तर मिळेलच असं नाही. (हा विनोद आम्हीच करायचा, तुम्ही नाही.) इथे पानठेल्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की समोरचा माझं गाव, पगार, लग्न सगळं विचारून घेतो आणि मला त्याचं नावही विचारायचं सुचत नाही.

सूत_आणि_सावजी

पाहुणे, त्यानं तुमचा पगार विचारला म्हणजे तुमचाही विचारायचा परवाना झाला न. विचारा बिनधास्त.

बाकी एक सांगते. आमचं घर हलबा कोष्ट्यांचं, आजोबा मागावर बसायचे. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सावजी रस्सा किती तिखट असतो एवढंच ऐकायचं असते. एकदा एका बाईनं विचारलं, "माग खड्ड्यात का असतो?" आजोबा म्हातारपणी उठून उभे राहिले. पावडी पायानं दाबायची म्हणून पाय खाली सोडायला खड्डा. आणि जमिनीलगत ओल टिकते, सूत कमी तुटते. कोरड्या हवेत ताणा तटातट तुटतो, नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. मसाल्याबद्दल विचारलं तर आजोबा आजीकडं बोट दाखवायचे, मागाबद्दल विचारलं तर रात्र पुरायची नाही.

माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा. जातीबद्दल, जेवणाबद्दल नंतर तोच सांगते.

दगडधोंडे

भूगर्भशास्त्र शिकवायचो, त्यामुळे माझं उदाहरण जुनं. स्टीफन हिस्लॉप. कॉलेजमुळे नाव सगळ्यांना ठाऊक, माणूस कमी जणांना. स्कॉटलंडचा मिशनरी, 1845 मध्ये नागपुरात आला. आला धर्म सांगायला. पण फिरताना खाली बघून चालायची सवय. सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर टाकळीच्या बाजूला फिरताना लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेला गाळाचा थर त्यांच्या नजरेस आला, त्यात गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळी होती, त्यात जीव होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आपण त्याच दगडांवरून स्कूटर नेतो.

हाच माणूस गोंडांकडे गेला आणि त्यांच्या प्रधान नावाच्या गायक जमातीतल्या एकाकडून, गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचं गीत उतरवून घेतलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने छापलं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडून गेला. शिलावर्तुळं बघायची तर इतक्या लांब जायलाही नको, काटोल रोडवर जुनापाणी आहे.

ज्याला शिकवायला आलो त्याच्याकडून शिकणं, हे सोपं नाही.

इंदोरा_चौक

धागा वाचतेय. चांगला आहे, पण काही गोष्टी खुपल्या, त्या सांगते.

दगडधोंडे सर, हिस्लॉपचं नाव कॉलेजला आहे, हिस्लोपाइट नावाच्या खनिजाला आहे. ज्या प्रधानाने पूर्ण गीत तोंडपाठ म्हणून दाखवलं त्याचं नाव या धाग्यावर कोणाला सांगता येईल? मला तरी नाही येत. कुतूहलाचा हिशेब असाच होतो, ऐकणाऱ्याच्या नावावर.

बर्डीवाला काका, तुम्ही लिहिलंत की अलीकडचे पलीकडे जात नाहीत. आम्हाला जाण्या-न जाण्याची निवड कधी होती? तुमची भाषा, तुमचे सण, तुमच्या ऑफिसातल्या खाणाखुणा हे सगळं आम्ही शिकलोच, शिकल्याशिवाय नोकरी नव्हती. त्याला कोणी मोकळं मन म्हटलं नाही. आणि वर्षातून एकदा ऑफिसात कोणी येऊन विचारतं, "या विषयावर तुमच्या लोकांचं काय मत आहे?" हा प्रश्न नाही, हजेरी आहे. माझं मत विचारा की.

आता शिकण्याचंच उदाहरण हवं असेल तर आमच्याकडे मोठं आहे. बाबासाहेबांनी 1935 ला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, इथे. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला, त्यांच्या लोकांशी बोलले, पाली शिकत राहिले. एवढा विद्वान माणूस, पण त्रिशरण घ्यायला बसला तो भदंत चंद्रमणींसमोर, जे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. आमच्या इंदोऱ्यातल्या विहारात भदंत सुरई ससाई आहेत, साठच्या दशकात जपानहून आले आणि इथलेच झाले, नागरिकत्व घेतलं. तेव्हा परक्याकडून शिकणं आम्हाला कोणी शिकवायला नको.

बघायचंच असेल तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर या, पण गर्दी बघायला नको. पुस्तकांच्या स्टॉलवर या. रात्रभर रेल्वेत उभी राहून आलेली बाई, हातात शिदोरीचं गाठोडं, नातवासाठी पुस्तक निवडत असते. दुकानदाराला विचारते, 'सहावीतल्या पोराला हे समजेल का?' तुम्हीही एक विकत घ्या. फुकट ज्ञान मागू नका.

बर्डीवाला (धागाकर्ता)

इंदोरा_चौक ताई, शेवटचं वाक्य मान्य, हजेरीचा मुद्दाही. एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे. पहिला प्रश्न वेंधळाच येणार. सगळ्यांनी नीट प्रश्न सुचेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं तर कॉलनीत बसून राहणं हाच सभ्यपणा ठरेल.

इंदोरा_चौक

वेंधळा चालेल. उत्तर ऐकायला थांबा, एवढंच.

शून्य_मैल

एवढं बोलून राहिले तर मग खरा विषय काढा न. दसऱ्याला एकाच शहरात रेशीमबाग आणि दीक्षाभूमी. संघ 1925 च्या दसऱ्याला इथेच सुरू झाला. मोकळं मन म्हणता, तर दोन्हीकडे जाऊन उभा राहिलेला एक माणूस दाखवा. नाही दिसणार. सगळे आपल्या आपल्या मांडवात.

कॅमेरावाला

मी. पोटासाठी जावं लागतं. सकाळी रेशीमबागेत, मग दिवसभर दीक्षाभूमीवर. दोन्हीकडची भाषणं ऐकून कोणाचं मन बदललेलं मी तरी पाहिलं नाही. पण एक फायदा झाला. एका बाजूच्या माणसाला दुसरी बाजू काय म्हणते असं विचारलं, की तो जे सांगतो ते त्या दुसऱ्या बाजूला कोणी म्हणतच नसतं. मी फोटो काढतो, वाद घालत नाही. पण ज्याच्याशी वाद घालायचा त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी मांडता येतं का, हे स्वतःपुरतं तपासून पाहतो. बहुतेक वेळा येत नाही.

शून्य_मैल

हे मात्र खरं बोलले. तरी एका बाजूनं...

व्यवस्थापक

या उपविषयावरचे पुढचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. तिथे भांडा. इथे अनुभव.

वॉर्डातली_ताई

नाइट ड्युटी संपवून लिहितेय, शुद्धलेखन माफ करा.

सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुलं खूप येतात, विदर्भात हा आजार बऱ्याच समाजांत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिनीत अडकतात आणि भयंकर दुखतं. पण बाहेरून काही दिसत नाही. ताप नाही, जखम नाही. त्यामुळे 'नाटक करते' असं म्हणणारे घरातही असतात आणि, खरं सांगायचं तर, बाहेरही.

गडचिरोलीकडची एक आई होती. मराठी मोडकं, माडिया ही तिकडची आदिवासी भाषा बोलायची. आम्ही फाइल वाचायचो, ती पोरीकडे बघायची. पोरगी बोलायच्या आधी तिला कळायचं, दुखणं सुरू होतंय. मी विचारलं, कसं? तिनं हाताने दाखवलं: पोरगी खेळणं सोडून हाताची घडी घालून बसते, पाणी नको म्हणते. मग तिनं सांगितलं की पहिल्या पावसात भिजली की दुखतं, तलावावर आंघोळ केली की दुखतं, उन्हात पाणी न पिता चालली की दुखतं. गार पडणं, शरीरातलं पाणी कमी होणं, ही कारणं आमच्या पुस्तकात आहेतच. ती बाई पुस्तकाशिवाय, एका लेकराकडे बघून तिथपर्यंत पोचली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक आईला विचारते, घरी दुखणं सुरू व्हायच्या आधी काय होतं? फॉर्मवर तो रकाना नाही. मी समासात लिहून ठेवते.

गणिताचा_तास

सगळं छान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

अनोळखी माणूस आणि अनोळखी कल्पना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाशी आदरानेच वागायचं, कल्पनेला मात्र आदर फुकट मिळत नाही. माझ्या ओळखीत एका घरी साखरेच्या गोळ्या बंद करून बसप्रवासात भेटलेल्या कोणाचा तरी काढा सुरू झाला. तेही मोकळं मनच होतं. परिणाम सांगायला नको.

मग फरक कसा करायचा? मी एक प्रश्न विचारतो: हे कधी फसलं का? काटोलच्या काकांच्या वडिलांकडे उत्तर तयार होतं, जास्त ताणलं तर फांद्या वाळतात. वरच्या आईलाही कशाने दुखतं ते ठाऊक होतं. काढेवाल्याचं कधीच फसलेलं नसतं, फसला तर पेशंटचं पथ्य चुकलेलं असतं. ज्याच्याकडे फसल्याचा अनुभव नाही त्याच्याकडे मी वही उघडत नाही, मग तो डोंगरातला बाबा असो की टाय लावलेला सल्लागार.

काटोलचा_बागाईतदार

बराबर. फसल्याची यादी तर बापानं माझ्या लग्नातही वाचली असती.

जरीपटका_जंक्शन

सिंधी आहे, मराठी शाळेतलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

फाळणीनंतर आमचे आजी-आजोबा इथे आले. दुकान, घर, सगळं पुन्हा उभं केलं, त्या गोष्टी आम्ही ऐकल्या. पण आजीच्या पेटीत तिच्या भावाची पत्रं होती आणि ती आम्हाला कोणाला वाचता येत नव्हती. तिची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. आमची पिढी सिंधी बोलते, पण लिहिते देवनागरीत किंवा मोबाइलवर कशीही. आजीचे डोळे अधू झाल्यावर पत्रं नुसती पडून राहिली.

मी एक उर्दू शिक्षक शोधले, कामठीचे, निवृत्त. त्यांच्या घरी गेलो तेव्हा आमच्या घरी थोडी कुजबुज झाली आणि त्यांच्या घरीही झाली असणार. गुरुजींनी पत्र हातात घेतलं, दोन ओळी सरसर वाचल्या आणि अडकले. सिंधी लिपीत बावन्न अक्षरं, उर्दूत त्याहून कमी. सिंधीत काही व्यंजनं श्वास आत ओढून बोलतात, त्यांची वेगळी अक्षरं, जास्तीच्या ठिपक्यांची, गुरुजींना ती माहीतच नव्हती. आवाज मला येत होते, बाकीची अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. मी आवाज काढायचो, ते ठिपके मोजायचे, आणि कोणतं अक्षर कोणत्या आवाजाचं ते आम्ही दोघं मिळून बसवायचो. ते सत्तरीचे, मी तिशीतला, आणि दोघंही पहिलीत.

आता गुरुजी मला फोन करून विचारतात, तुमच्याकडे अमुक शब्द कसा म्हणतात? त्यांनी स्वतःची वही केलीय. पत्रांत काय होतं विचाराल तर बहुतेक कापडाचे भाव आणि कोणाचं लग्न ठरलं ते. आजी भाव ऐकून अजून चिडते, भावाने महाग घेतलं म्हणून.

इंदोरा_चौक

हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात आवडला. दोघांनाही अर्धं अर्धं येत होतं, म्हणून कोणीच कोणावर उपकार केले नाहीत.

पुणेरी_पाहुणा

+१. आणि गुरुजींना नमस्कार सांगा.

वर्धेचा_मास्तर

लहानशी भर. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत सुरुवातीला जपानी मंत्र येतो, 'नम्यो हो रेंगे क्यो'. बाहेरगावचे लोक चमकतात. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या पंथाचे भिक्खू आश्रमात राहिले, डफासारखं वाद्य वाजवत मंत्र म्हणायचे. गांधीजींनी तो प्रार्थनेत घेतला. पुढे जपानशी युद्ध सुरू झालं म्हणून काढून टाकला नाही. आजही म्हणतात. नागपूरहून दीड-दोन तासांचा रस्ता आहे, संध्याकाळी जाऊन बसा.

नवेगावबांध_वाली

मी गोंदिया जिल्ह्यातली, सध्या नागपुरात नोकरीला. सगळ्यांना हिवाळ्यात दिसणारे तिबेटी स्वेटरवाले माहीत आहेत. घासाघीस करतो, स्वेटर घेतो, संपलं. ते येतात कुठून असं विचारलं तर लोक म्हणतात 'तिबेटहून' किंवा फार तर धर्मशाला.

अहो, त्यातले काही आमच्या शेजारचे आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वसवलेली. बर्फाच्या मुलखातली माणसं आणि वाट्याला आलं धानाचं शेत आणि आमच्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा, उन्हाळा. त्यांनी रोवणी शिकली आमच्या लोकांकडून. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. पावसाळ्यात शेती आणि थंडी लागली की स्वेटर घेऊन शहरात. त्यांच्यातल्या कित्येकांचं झाडीबोलीतलं मराठी तुमच्या धरमपेठी मराठीपेक्षा मला जवळचं वाटतं.

माझ्या आईला त्यांच्याकडचा लोणी-मिठाचा चहा अजिबात आवडला नाही. दुसऱ्यांदा दिला तेव्हाही प्यायली. आवडला असं खोटंही बोलली नाही. ती म्हणते, 'आवडायलाच पाहिजे असं थोडी आहे? पाहुणचार आहे.' हे इथे लिहिते, कारण शिकणं म्हणजे सगळं पटलंच पाहिजे असा सूर वर कुठे कुठे वाटला.

गणिताचा_तास

आईंना माझ्या वर्गावर आणा.

बर्डीवाला (धागाकर्ता)

इतका धागा चालेल असं वाटलं नव्हतं. दोन-तीन जणांचे व्यक्तिगत संदेश आलेत की कुठेतरी मिळून जाऊ या. मी सहलीच्या विरुद्ध आहे, बस भरून माणसं बघायला जाणं मला रुचत नाही. दोघं-तिघं गेलो तर बोलणं होतं, पंचवीस गेलो तर फक्त फोटो होतात. त्यामुळे ज्याला जिथे जायचं त्याने इथे लिहा आणि सोबत एखादाच येऊ द्या. मी दसऱ्याला पुस्तकांच्या स्टॉलवर असेन. इंदोरा_चौक ताई, सहावीतल्या मुलीसाठी काय घ्यावं ते सुचवा, नात आहे.

इंदोरा_चौक

तिला काय आवडतं ते आधी तिलाच विचारा काका. मग सांगते.

पुणेरी_पाहुणा

मला काटोलला जायचं आहे. दादा, चालेल का? नोव्हेंबरात एका शनिवारी जमेल.

काटोलचा_बागाईतदार

येजा न, पण नोव्हेंबरात नका येऊ. आंबियाची तोडणी सुरू असते, व्यापारी, मजूर, गाड्या, कोणाले बोलायले फुरसत नसते. जानेवारीत या, ताण पाहायले मिळेल. सकाळी उजाडायच्या आत पोचावं लागते, म्हणजे रात्रीच मुक्कामाला या. स्वेटर आणजा.